प्रोकॅरिओटिक आणि युकॅरिओटिक पेशी : मुलं आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

अकरावी-बारावीला बायो शिकवते. हा धडा आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात, वर्गात येतात, जिन्यात येतात, रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर पण येतात, आणि दोन वर्षांपासून पालकही विचारायला लागलेत (मला ते फार आवडतं). म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. पाठ करायचा तक्ता हवा असेल तर तो पुस्तकात आहेच, इथे मी तक्त्याच्या मागचं सांगणार आहे, कारण तक्ता परीक्षा झाली की विसरतो पण मागचं कळलं तर डॉक्टरांनी दिलेली गोळी हातात घेतानासुद्धा आठवतं.

मॅडम, एका वाक्यात सांगा, फरक नक्की काय?

डीएनए कुठे ठेवलाय, हा. प्रोकॅरिओटिक पेशीत डीएनए पेशीद्रव्यातच एका बाजूला गोळा होऊन पडलेला असतो, त्याच्याभोवती पडदा नसतो. युकॅरिओटिक पेशीत त्याच्याभोवती दुहेरी पडदा असतो आणि त्या पडद्यासकटच्या गोळ्याला आपण न्यूक्लियस म्हणतो. बाकीचे बरेच फरक या एका गोष्टीला धरून येतात.

मराठी मीडियमच्या पुस्तकात नावं वेगळी आहेत, कुठलं म्हणजे काय?

आदिकेंद्रकी म्हणजे प्रोकॅरिओटिक, दृश्यकेंद्रकी म्हणजे युकॅरिओटिक. केंद्रक म्हणजे न्यूक्लियस, तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, हरितलवक म्हणजे क्लोरोप्लास्ट, आंतर्द्रव्यजालिका म्हणजे ईआर (एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलम), लयकारिका म्हणजे लायसोसोम. मूळ शब्द ग्रीक आहेत, कॅरिऑन म्हणजे फळातली आठळी किंवा गर, प्रो म्हणजे आधीचा आणि यू म्हणजे चांगला, खरा. म्हणजे आठळी येण्याआधीची पेशी आणि खरी आठळी असलेली पेशी. एदुआर शातों नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे शब्द १९२५ मध्ये पहिल्यांदा वापरले, पण तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही, १९६२ नंतर ते सगळीकडे रुळले. आपलं मराठी "दृश्यकेंद्रकी" मला मनापासून आवडतं, केंद्रक दिसतं ती, विषय संपला.

कोण कुठल्या गटात जातं? यीस्टचा नेहमी घोळ होतो.

प्रोकॅरिओटमध्ये दोनच मंडळी, बॅक्टेरिया आणि आर्किया (हे कोण ते खाली सांगते). बाकी डोळ्यांना दिसणारं जवळपास सगळं, म्हणजे आपण, कुत्रं, आंबा, गवत, अळंबी, आणि न दिसणाऱ्यांतले अमीबा, पॅरामेशियम, मलेरियाचा जंतू, हे सगळे युकॅरिओट.

घोळ दोन ठिकाणी होतो. एक, यीस्ट. एकपेशीय आहे, बारीक आहे, आंबवतं, म्हणून मुलं त्याला बॅक्टेरिया समजतात. नाही, यीस्ट बुरशी आहे आणि बुरशी युकॅरिओट. दुसरा घोळ निळ्या-हिरव्या शेवाळाचा. नावात शेवाळ आहे, हिरवं आहे, फोटोसिंथेसिस करतं, पण ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रोकॅरिओट.

स्वयंपाकघरातून लक्षात ठेवा. दही लावतो ते विरजण म्हणजे लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकॉकस, दोन्ही प्रोकॅरिओट. इडलीचं पीठ रात्रीत वर येतं ते पण मुख्यतः बॅक्टेरियाचं काम. पाव फुगतो तो यीस्टमुळे, युकॅरिओट. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी पावाच्या पिठात ताडी घालायचे, तिच्यात यीस्ट आयतंच असतं. म्हणजे दही-इडली एका बाजूला, पाव दुसऱ्या बाजूला, मिसळ खाताना हे आठवलं तरी दोन मार्क कुठे जात नाहीत.

साइजमध्ये किती फरक असतो? मायक्रोमीटर डोक्यात बसत नाही.

नेहमीचा बॅक्टेरिया १ ते १० मायक्रोमीटर, युकॅरिओटिक पेशी साधारण १० ते १०० मायक्रोमीटर. ई. कोलाय २ मायक्रोमीटर लांब, म्हणजे पट्टीवरच्या एका मिलीमीटरमध्ये ५०० एकापुढे एक मावतील. आपल्या गालाच्या आतल्या बाजूची पेशी ६० मायक्रोमीटरच्या आसपास. आता ई. कोलाय शेंगदाण्याएवढा धरा, तर गालाची पेशी कणीक मळायच्या परातीएवढी होईल.

लहान का असतात याचं कारण साधं आहे. बाजू १ असलेल्या घनात पृष्ठभाग आणि घनफळाचं गुणोत्तर ६, बाजू १० केली की तेच ०.६ होतं, म्हणजे पोट वाढलं पण दारं त्या मानाने कमी झाली, अन्न आत येणं आणि घाण बाहेर जाणं अवघड होतं. प्रोकॅरिओटमध्ये आत वाहतुकीची सोय फारशी नसते, सगळं आपोआप पसरण्यावर चालतं, म्हणून लहान राहणंच परवडतं.

पण नियम म्हणून पाठ करू नका. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर खारफुटीच्या बुडालेल्या पानांवर थिओमार्गारिटा मॅग्निफिका नावाचा बॅक्टेरिया सापडला, २०२२ मध्ये त्याच्यावरचा पेपर आला, तो चक्क १ सेंटिमीटरच्या आसपास लांब असतो. पांढऱ्या दोऱ्यासारखा, डोळ्यांनी दिसतो! आणि त्याचा डीएनए छोट्या छोट्या पडद्याच्या पिशव्यांमध्ये ठेवलेला असतो, म्हणजे आपण वर जी व्याख्या केली तिलाच त्याने धक्का दिला. उलट ऑस्ट्रिओकॉकस नावाचं समुद्री शेवाळ युकॅरिओट असून जेमतेम १ मायक्रोमीटरचं. हे वाचलं तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पोर्शन बाजूला ठेवून वर्गात हेच सांगत बसले होते.

दोघांमध्ये सारखं काही असतं की नाही?

असतं ना, आणि तेच आधी विचारायला हवं. पेशीद्रव्य, प्रद्रव्यपटल (पेशीभोवतीचा पातळ पडदा), डीएनए आणि रायबोझोम (प्रोटीन बनवणारी बारीक यंत्रं) दोघांकडे असतात. डीएनएची भाषाही जवळजवळ तीच. फक्त रायबोझोमची साइज वेगळी, प्रोकॅरिओटमध्ये ७०एस, युकॅरिओटमध्ये ८०एस. ७०एसचे दोन भाग ५०एस आणि ३०एस, बेरीज ८० होते म्हणून मुलं दरवेळी भांडतात, पण "एस" हे वजन नाही, सेंट्रिफ्यूजमध्ये किती वेगाने खाली बसतं त्याचं माप आहे, त्याची बेरीज होत नाही. हा ७० आणि ८० चा फरक नीट लक्षात ठेवा, खाली अँटिबायोटिकमध्ये लागणार आहे.

न्यूक्लियस असल्याने काय फायदा? नसलेल्यांचं काय अडतं?

अडत काहीच नाही. वडापावच्या गाडीवर कसं, तुम्ही "दोन द्या" म्हणता आणि तुमचं वाक्य संपेपर्यंत हातात वडापाव येतो, ऐकणारा आणि बनवणारा तिथेच उभे असतात. बॅक्टेरियात डीएनएवरून आरएनएची चिठ्ठी अजून लिहून व्हायचीय तोवर रायबोझोम तिच्यावर चढून प्रोटीन बनवायला लागतात. एकदम फास्ट काम.

युकॅरिओटचं मोठ्या हॉटेलसारखं आहे. ऑर्डर बाहेर घेतली, चिठ्ठी लिहिली, चिठ्ठी तपासली, मग ती खिडकीतून भटारखान्यात गेली. न्यूक्लियसमध्ये चिठ्ठी लिहिली जाते, तिच्यातला नको असलेला मजकूर म्हणजे इंट्रॉन कापून टाकला जातो, टोकं बांधली जातात आणि मग पडद्याच्या छिद्रांतून ती बाहेर रायबोझोमकडे जाते. वेळ लागतो. पण कापाकापी वेगवेगळ्या पद्धतीने करून एकाच जीनपासून अनेक प्रोटीन बनवता येतात. माणसात प्रोटीन बनवणारे जीन २० हजारांच्या आसपास आहेत, ई. कोलायमध्ये ४ हजारांच्या वर, म्हणजे फक्त पाचपट, आणि तरी फरक बघा केवढा, त्याचं एक कारण ही कापाकापी.

याचा उपयोग प्रत्यक्षात झालाय. डायबिटीसवाल्यांचं इन्सुलिन १९७८ मध्ये पहिल्यांदा ई. कोलायकडून बनवून घेतलं आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून बाजारात आलं. बॅक्टेरियाला इंट्रॉन कापता येत नाहीत, म्हणून त्याला इंट्रॉन नसलेला, लॅबमध्ये जोडून तयार केलेला जीन द्यावा लागला. हिपॅटायटिस बीची लस मात्र यीस्टकडून बनवून घेतात. कुठलं काम कुणाला द्यायचं हे या धड्यावरूनच ठरतं.

मायटोकॉन्ड्रिया पूर्वी बॅक्टेरिया होता असं यूट्यूबवर ऐकलं, खरंय का?

खरंय. आणि माझ्या मते अख्ख्या सिलॅबसमधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, पण ती "एन्डोसिम्बायोसिस – टीप लिहा" एवढ्यावर संपते याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

लिन मार्ग्युलिस या अमेरिकन बाईंनी १९६७ मध्ये हे मांडलं. त्यांचा पेपर आधी बऱ्याच जर्नल्सनी परत पाठवला होता. म्हणणं असं होतं की फार पूर्वी, साधारण दीड ते दोन अब्ज वर्षांपूर्वी, एका पेशीने दुसरी पेशी आत घेतली, पण ती पचली नाही, आतच राहिली, ऊर्जा बनवून द्यायला लागली, आणि तिचे वंशज म्हणजे आजचे मायटोकॉन्ड्रिया. असंच पुढे सायनोबॅक्टेरिया आत आला त्याचं क्लोरोप्लास्ट झालं.

पुरावे आजही आपल्या अंगात आहेत. मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए आहे, माणसात डीएनएच्या अक्षरांच्या १६,५६९ जोड्यांचा, आणि तो बॅक्टेरियासारखा गोल आहे. पडदे दोन. स्वतःचे रायबोझोम आहेत आणि ते पेशीतल्या ८०एसपेक्षा बॅक्टेरियाच्या जवळचे. पेशी नव्याने मायटोकॉन्ड्रिया बनवू शकत नाही, असलेलाच दोन होतो. आणि तो जवळजवळ पूर्णपणे आईकडूनच येतो, म्हणजे तुमच्यातला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तुमच्या आईचा, आजीचा, पणजीचा आहे.

त्याचे आजचे नातेवाईक पण सापडलेत, रिकेट्सिया गटातले बॅक्टेरिया त्यांच्यापैकी. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती, गवतातला बारीक किडा चावून होतो तो, त्याचा जंतू याच गोतावळ्यातला. तोही आपल्या पेशीच्या आत शिरूनच राहतो. एकाने आत राहून संसार उभा केला, दुसरा आत शिरून आजारी पाडतो.

आणि ज्या पेशीने आत घेतलं ती कोण? ती आर्कियापैकी होती असं आता दिसतंय. २०१५ मध्ये ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या मध्ये समुद्रतळाच्या गाळात लोकीआर्किया सापडले, त्यांच्यात युकॅरिओटसारखे बरेच जीन आहेत. मग जपानी टीमने त्यांच्याच नात्यातला एक जीव समुद्राच्या गाळातून लॅबमध्ये वाढवला, त्याला १२ वर्षं लागली, कारण तो एकाचे दोन व्हायलाच दोन-तीन आठवडे घेतो. १२ वर्षं, एका सूक्ष्मजीवासाठी. मुलांनो, रिसर्च म्हणजे हे.

अँटिबायोटिक बॅक्टेरिया मारतं, मग आपल्या पेशी का मरत नाहीत?

इथे हा धडा घराघरात पोचतो, म्हणून जरा सविस्तर.

बॅक्टेरियाच्या भोवती पेप्टिडोग्लायकनची भिंत असते. वनस्पतींची भिंत सेल्युलोजची, बुरशीची कायटिनची, आणि आपल्या पेशींना भिंतच नाही. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधं ती पेप्टिडोग्लायकनची भिंत बांधू देत नाहीत, बॅक्टेरिया फुटतो, आपल्याकडे ती भिंतच नसल्यामुळे औषधाला इथे पकडायला काही नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन ही ७०एस रायबोझोमला अडकतात, आपले ८०एस वेगळ्या घडणीचे म्हणून ते वाचतात. म्हणजे गोळी हुशार नाहीये, दोन पेशींमधला फरक तिला वाट दाखवतो.

पण वर काय म्हटलं, मायटोकॉन्ड्रियाचे रायबोझोम बॅक्टेरियाच्या जवळचे. माझ्या मामांना टीबी झाला होता, तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं असायची, बरे झाले पण कानांनी कमी ऐकू यायला लागलं, घरात सगळे म्हणायचे वयामुळे असेल. कितीतरी वर्षांनी मी एमएस्सीला असताना वाचलं की या गटातली औषधं कानातल्या नाजूक पेशींना इजा करू शकतात, आणि काही जणांच्या मायटोकॉन्ड्रियातच एक असा बदल असतो की त्यांचा रायबोझोम बॅक्टेरियासारखा आणखी दिसतो आणि औषध त्याला पकडतं. त्या दिवशी लायब्ररीत पुस्तक मिटून बसले होते. मामांच्या बाबतीत नेमकं काय झालं ते आता कळणार नाही, पण त्या औषधाने त्यांचा जीव वाचवला हेही तितकंच खरं. म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, त्रास होत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.

आणि सर्दी! साधी सर्दी व्हायरसची असते. व्हायरसला ना भिंत ना रायबोझोम, अँटिबायोटिक पकडणार काय? घरात उरलेली स्ट्रिप काढून दोन गोळ्या घेऊ नका. त्याने सर्दीला काही होत नाही, पोटातले बॅक्टेरिया मात्र सराव करून घेतात, आणि औषधाला न जुमानणारा जीन प्लास्मिडवर (मुख्य डीएनएपासून वेगळ्या, छोट्या गोल डीएनएवर) असेल तर तो शेजारच्या बॅक्टेरियाला देऊनही टाकतात, अगदी वेगळ्या जातीच्या बॅक्टेरियालासुद्धा.

मग बुरशीवरची औषधं इतकी महाग आणि त्रासदायक का?

कारण बुरशी आपल्याच गटातली, युकॅरिओट. न्यूक्लियस तसाच, रायबोझोम ८०एस, फरक शोधायला जागा कमी. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस आला तेव्हा अँफोटेरिसिन-बीसाठी लोक वणवण फिरत होते, आठवत असेल. ते औषध बुरशीच्या पटलातल्या अर्गोस्टेरॉलला धरतं, पण आपल्या पटलात त्याच्यासारखंच कोलेस्टेरॉल आहे, थोडंफार तिकडेही जातं, म्हणून किडनीवर ताण येतो. मलेरियाचंही तेच, जंतू युकॅरिओट आहे, औषध शोधणं अवघड.

लाल रक्तपेशीत न्यूक्लियस नसतो, मग ती प्रोकॅरिओटिक का नाही?

कारण तिच्यात तो होता आणि तिने काढून टाकला. बोनमॅरोमध्ये तयार होताना न्यूक्लियस असतो, शेवटी पेशी तो बाहेर ढकलते, मायटोकॉन्ड्रियाही जातात, हिमोग्लोबिनला जागा होते. मग ती १२० दिवस जगते, पण दुरुस्ती करता येत नाही आणि विभाजनही नाही. पक्षी आणि बेडकांच्या लाल पेशीत न्यूक्लियस शिल्लक असतो. रक्तावरून डीएनए टेस्ट होते ती पांढऱ्या पेशींवरून.

आर्किया म्हणजे नक्की कोण? पुस्तकात दोनच ओळी आहेत.

१९७७ मध्ये कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोझोमच्या आरएनएची तुलना करून दाखवलं की काही "बॅक्टेरिया" हे बॅक्टेरिया नाहीतच. दिसायला तसेच, न्यूक्लियस नाही, पण भिंतीत पेप्टिडोग्लायकन नाही, पटलाचे लिपिड वेगळे, आणि डीएनए वाचायची यंत्रणा आपल्याशी जास्त जुळणारी.

बघायला लांब जायला नको. बुलढाण्याचं लोणार सरोवर, उल्का पडून झालेलं, पाणी खारट आणि अल्कलाइन, पीएच १० च्या आसपास. जून २०२० मध्ये ते अचानक गुलाबी झालं, फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तर ते हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यात राहणारे आर्किया, निघाले. पाणी आटून खारटपणा वाढला, यांची संख्या वाढली, आणि यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. त्याच तळ्यात स्पायरुलिनासारखे सायनोबॅक्टेरियापण असतात. एका तळ्यात प्रोकॅरिओटची दोन्ही घराणी.

विभाजनात काय फरक?

बॅक्टेरिया डीएनएची कॉपी करतो आणि मधून दोन होतो, द्विविभाजन. ई. कोलायला चांगलं खाणं मिळालं तर २० मिनिटं पुरतात, एकापासून ८ तासांत १ कोटी ६७ लाख. मजा म्हणजे त्याच्या पूर्ण डीएनएची कॉपी व्हायला साधारण ४० मिनिटं लागतात, मग २० मिनिटांत दोन कसा होतो? तर पहिली कॉपी संपायच्या आतच पुढची सुरू करतो, मुलगी जन्माला येते तेव्हा नातीची तयारी चालू असते. आपल्या पेशीला गुणसूत्रं मोजून, रांगेत लावून, धाग्यांनी ओढून वाटायची असतात, त्याला मायटोसिस, लॅबमध्ये वाढवलेल्या पेशीला एका फेरीला दिवसभर लागतो.

मेसोसोम लिहायचा की नाही?

मेसोसोम म्हणजे बॅक्टेरियाच्या पटलाची आत वळलेली घडी, असं पुस्तकात असतं. परीक्षेत पुस्तकात असेल तसं लिहा, मार्क घ्या. पण माहीत असू द्या, की इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी बॅक्टेरिया केमिकलने फिक्स करताना पटलाला घड्या पडायच्या, त्यालाच रचना समजलं गेलं. गोठवून पाहिलेल्या पेशीत मेसोसोम दिसत नाही. मी वर्गात दोन्ही सांगते.

हे सगळं डोळ्यांनी बघता येईल का? शाळेत साधाच मायक्रोस्कोप आहे.

येईल, आणि कांद्याच्या पापुद्र्यावर थांबू नका. सकाळी दात घासायच्या आधी स्वच्छ टूथपिकची बोथट बाजू गालाच्या आतून हलकेच फिरवा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा, वाळू द्या, मेथिलीन ब्लूचा एक थेंब टाका, मिनिटभराने हलकं धुवून कव्हरस्लिप ठेवा. आधी १०० पट, मग ४०० पटवर या. पसरलेल्या, कडा दुमडलेल्या फिकट निळ्या पेशी दिसतील, प्रत्येकीच्या मधोमध गडद निळा ठिपका, तो न्यूक्लियस. आता घाई न करता फाइन नॉब हळूहळू फिरवा. त्याच पेशीवर, कडेला, बारीक बारीक निळे कण आणि काड्या चिकटलेल्या दिसतील, कधी दोन-दोनच्या जोडीने, कधी साखळीने. धूळ नाही ती. तुमच्या तोंडातले बॅक्टेरिया आहेत ते, परातीवर सांडलेले शेंगदाणे.